जाळ्याचा आस कोण मोजतं? एका ‘वस्तुनिष्ठ’ मापकाची चिकित्सा



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मासे पकडायच्या जाळ्याचं माप हा विषय का घ्यावा? म्हणून सुरुवातीलाच माझा अधिकार सांगून टाकतो. मी मासेमारीतला तज्ज्ञ नाही. पण मोजणं म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे, आणि तो इतक्या स्वच्छपणे समोर आणणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आर्थर एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने १९३९ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ फिजिकल सायन्स’ या पुस्तकात एक दृष्टांत दिला. एक मत्स्यतज्ज्ञ दोन इंच आसाचं जाळं घेऊन समुद्राचा अभ्यास करतो. जाळ्यात आलेले जीव तपासून तो नियम मांडतो, की समुद्रात दोन इंचांपेक्षा लहान प्राणीच नसतो. कुणी म्हणतं, ‘अहो, लहान प्राणी तुमच्या जाळ्यातून निसटतात.’ तर तो उत्तर देतो, ‘जे माझ्या जाळ्यात येत नाही तो मासाच नव्हे.’ ज्ञानाची साधनंच ज्ञानाच्या सीमा ठरवतात, हे सांगायला हा दृष्टांत वर्गावर्गांतून वापरला जातो. मीही वापरला.

पण त्या दृष्टांतात एक गोष्ट सगळे गृहीत धरतात. ते दोन इंच कुणी मोजले? कशाने मोजले? जाळं ओलं होतं की सुकं? किती ताणून मोजलं? एडिंग्टनच्या गोष्टीत मासे अनिश्चित आहेत आणि जाळं निश्चित आहे. प्रत्यक्षात जाळंही निश्चित नसतं. आज मला जे म्हणायचं आहे ते याच जागेवर आहे.

आधी थोडी माहिती घेऊ. जाळ्याच्या एका छिद्राला आपल्या किनाऱ्यावर ‘आस’ म्हणतात. ट्रॉलचं जाळं बोटीमागे ओढलं जातं. त्याच्या शेपटीकडे जी पिशवी असते, डोल जाळ्यात जिला ‘खोला’ म्हणतात, तिथे शेवटी मासळी साठते. लहान पिल्लं सुटून जायची तर ती मुख्यतः इथूनच. म्हणून जगभरचे कायदे खोल्याच्या आसावर बोट ठेवतात: अमुक मिलिमीटरपेक्षा लहान आस चालणार नाही. उद्देश साधा आहे. पिल्लाला एकदा तरी अंडी घालू द्या, मग पकडा.

नियम साधा आहे, पण तो लागू करायचा कसा? उत्तर समुद्रात आणि युरोपच्या इतर पाण्यात अनेक दशकं यासाठी एक पाचर वापरली जात होती. दोन मिलिमीटर जाडीची, निमुळती होत गेलेली चपटी पट्टी, तिच्यावर आकडे. आस ताणून धरायचा, पाचर त्यात घालायची, हाताने दाबायची आणि ती जिथे अडेल तिथला आकडा वाचायचा. लागोपाठच्या २० आसांची सरासरी म्हणजे त्या जाळ्याचं माप.

आता यात ‘हाताने दाबायची’ हे शब्द आहेत ना, तिथे सगळं नाटक आहे. निरीक्षक दणकट असेल तर पाचर खोल जाते आणि आस मोठा भरतो. तो थकलेला असेल, बोट हलत असेल, बोटं गारठली असतील, तर आस लहान भरतो. त्यात घर्षण आलं. पाचर आणि दोरा एकमेकांवर घासतात, म्हणून गुळगुळीत दोऱ्यात पाचर सहज सरकते आणि खरबरीत दोऱ्यात अडकते. म्हणजे दोन निरीक्षकांनी अगदी सारखा जोर लावला तरी आसावर पडणारा ताण सारखा असेलच असं नाही. आणि या आकड्यावर काय अवलंबून आहे? दंड, जाळं जप्त होणं, खटला. एक-दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे एका कुटुंबाचा हंगाम. कप्तान म्हणणार, ‘साहेब, तुम्ही नीट दाबलंच नाही.’ निरीक्षक म्हणणार, ‘मी रोज दाबतो.’ दोघंही प्रामाणिक असू शकतात, हे यातलं दुःख आहे.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून तंटा झाला तर हाताऐवजी वजन वापरायची सोय होती: ३५ मिलिमीटरपर्यंतच्या आसाला २ किलो, त्याहून मोठ्याला ५ किलो. घर्षणाचा प्रश्न त्यानेही सुटत नव्हता.

दुसरीकडे शास्त्रज्ञांचं वेगळंच चाललं होतं. समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद, जिला ‘आयसेस’ म्हणतात, तिच्या परंपरेत स्प्रिंगचा मापक होता. तो आसाला सुमारे ४ किलोच्या ताणाने लांबीच्या दिशेने ताणतो. त्यात पाचर नाही, हाताचा जोर नाही. त्यामुळे एकाच जाळ्याला प्रयोगशाळा एक आकडा देई आणि बंदरावरचा निरीक्षक दुसरा. शास्त्रज्ञ प्रयोग करून सांगणार की अमुक आसातून अमुक लांबीचे निम्मे मासे सुटतात. तो ‘अमुक आस’ कायद्यात गेला की तिथे तो पाचरीचा होतो. शब्द तोच, आकडा तोच, पण अर्थ बदललेला. तर्कशास्त्राच्या परीक्षेत याला आपण शून्य गुण देतो. इथे त्यावर समुद्र चालला होता.

या पार्श्वभूमीवर नवं विद्युत उपकरण आलं. त्याचं नाव ‘ओमेगा’, म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ह मेश गेज’ या शब्दांचा संक्षेप. युरोपीय निधीतून, बेल्जियम, इटली, स्कॉटलंड इथल्या संशोधकांच्या सहभागाने ते तयार झालं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या आणि प्रत्यक्ष पाण्यावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले आणि २००८ च्या युरोपीय नियमावलीने, क्रमांक ५१७, ते अधिकृत केलं. हातात धरता येणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्याला दोन जबडे. दोन्ही जबडे आसात घालायचे, बटण दाबायचं. मोटर एक जबडा सरकवते, आस ताणला जातो, ठरलेला ताण आला की यंत्र थांबतं आणि आकडा दाखवतं. ओढत नेल्या जाणाऱ्या जाळ्यांसाठी ठरलेला ताण असा: ३५ मिलिमीटरपेक्षा लहान आसाला २० न्यूटन, ३५ ते ५५ च्या दरम्यान ५० न्यूटन, ५५ आणि त्याहून मोठ्याला १२५ न्यूटन. १२५ न्यूटन म्हणजे साधारण पावणेतेरा किलोचं ओझं टांगल्यावर पडेल तेवढा ताण.

यंत्राची परीक्षा कशी घ्यायची? मूळ कल्पना अशी, की तेच जाळं वेगवेगळ्या माणसांच्या हाती द्यायचं आणि बघायचं, आकडे किती पांगतात. पाचरीच्या मापात माणूस बदलला की आकडा सरकतो. यंत्रात तो जोर मोटरकडे गेला, त्यामुळे हा सरकपणा कमी होतो. चाचण्यांचं हे फलित खरं आहे आणि मोलाचं आहे. बंदरावरच्या दोन माणसांमधलं एक भांडण यंत्राने मिटवलं. माझ्या चिकित्सेचा रोख इथून पुढे आहे.

माझा पहिला आक्षेप नावावर आहे. ‘ऑब्जेक्टिव्ह’, आपण म्हणू ‘वस्तुनिष्ठ’. या शब्दात दोन अर्थ एकत्र राहतात आणि चाचण्यांनी त्यातला एकच सिद्ध केला आहे. पहिला अर्थ व्यक्तिनिरपेक्ष: कोणीही मोजलं तरी तेच उत्तर. दुसरा अर्थ वस्तूशी इमानी: वस्तू जशी आहे तसं उत्तर. काठी किंवा वीट मोजताना हे दोन अर्थ जवळजवळ एकत्र चालतात. जाळ्याच्या बाबतीत ते तुटतात, कारण जाळं लवचिक आहे. कमी ताणलं तर लहान, जास्त ताणलं तर मोठं. कोणताच ताण दिला नाही तर ती टेबलावर पडलेली दोऱ्यांची गुंतवळ आहे, तिला माप नाहीच. मग ‘खरा’ आकार कोणता? २० न्यूटनचा की १२५ चा?

पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ साली म्हटलं होतं, की संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजायची कृती, त्यापलीकडे काही नाही. लांबी म्हणजे लांबी मोजण्याची कृती. ब्रिजमनवर पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी योग्य होती. कारण मग प्रत्येक उपकरणागणिक एक वेगळी लांबी मानावी लागते. पण आसाच्या बाबतीत तो जवळजवळ शब्दशः बरोबर ठरतो. पाचरीचा आस, ४ किलोच्या स्प्रिंगचा आस, १२५ न्यूटनचा आस या वेगळ्या राशी आहेत. त्यातली एक कायद्याने निवडली. ती निवड निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी बसून ठरवली. त्यात गैर काहीच नाही. आपला किलो, आपला तास, सगळं असंच ठरलेलं असतं. गैर हे, की ठरवलेल्या गोष्टीला ‘सापडलेली’ म्हणणं. कारण सापडलेल्या गोष्टीबद्दल वाद घालता येत नाही, ठरवलेल्या गोष्टीबद्दल घालता येतो, आणि कोळ्याला तो घालण्याचा हक्क आहे.

यातली एक गंमत बघा. आकड्यांच्या पायऱ्या तीन आहेत. ३५ च्या अलीकडे आणि पलीकडे ताण एकदम अडीचपट होतो. जाळ्याला ही रेषा माहीत नाही. ती व्यवहारासाठी आखलेली आहे, कारण बारीक दोऱ्याच्या लहान आसाला १२५ न्यूटन लावले तर गाठ सरकेल, दोरा ताणला जाईल आणि मोजण्यानेच मोजलेली वस्तू बदलेल. म्हणजे आपण मोजतो तेव्हा वस्तूला थोडं घडवतोही. हे समजायला फार दूर जावं लागत नाही, बंदरावर जाळं ताणून बघितलं तरी पुरे.

दुसरा आक्षेप थोडा खोल आहे. नव्या उपकरणाची परीक्षा कशाशी ताडून घेतली? अर्थातच जुन्या उपकरणाशी. पण जुनं उपकरण सदोष आहे म्हणून तर नवं केलं. मग जुन्याशी नवं जुळलं तर नव्यात जुना दोष आला का? आणि नाही जुळलं तर चूक कुणाची?

हा प्रश्न आपल्या परंपरेत फार पूर्वी विचारला गेला आहे. नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त नैयायिकांना अडवलं: प्रमेय प्रमाणाने सिद्ध होतं म्हणता, मग प्रमाण कशाने सिद्ध होतं? दुसऱ्या प्रमाणाने म्हटलं तर ते तिसऱ्याने, तिसरं चौथ्याने, याला अंत नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच प्रकारच्या आक्षेपावर तुलेचा, म्हणजे तराजूचा दृष्टांत येतो आणि वात्स्यायन तो उलगडून दाखवतो. तराजूने सोनं तोलताना तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण ज्या सोन्याचं वजन आधीच ठाऊक आहे त्याने दुसरा तराजू तपासला, तर सोनं प्रमाण आणि तराजू प्रमेय. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूच्या जाती नाहीत, त्या भूमिका आहेत. एकच वस्तू आज ही भूमिका करते, उद्या ती.

ओमेगा या कसोटीवर उतरतं का? अर्ध्यापुरतं उतरतं, आणि छान उतरतं. त्याची पडताळणी दोन भागांत होते. लांबीसाठी धातूच्या प्रमाणित पट्टीत निरनिराळ्या मापांच्या खाचा असतात. जबडे खाचेत घालायचे आणि यंत्राचा आकडा बरोबर येतो का बघायचं. ताणासाठी जबड्याला प्रमाणित वजनं टांगायची आणि ताणाचा आकडा बघायचा. म्हणजे यंत्र क्षणभर प्रमेय होतं. वात्स्यायन हे पाहून खूश झाला असता. लांबी आणि ताण या दोन्ही गोष्टी जाळ्याच्या बाहेरून तपासता येतात, पाचरीवर अवलंबून न राहता. नागार्जुनाच्या आक्षेपाला हे व्यवहारातलं उत्तर आहे.

मग अर्धं काय उरलं? यंत्र लांबी बरोबर सांगतं, ताण बरोबर देतं, हे पट्टी आणि वजनं सांगतील. पण ‘या ताणाखालची ही लांबी म्हणजेच कायद्याला अभिप्रेत असलेला आस’ हे कोणतीही पट्टी सांगू शकत नाही. कायद्यातले जुने आकडे पाचरीच्या काळात लिहिले गेले. नवं यंत्र आलं आणि आकडा तोच ठेवला, तर नियम बदलला की नाही? एखाद्या कप्तानाचं जाळं पाचरीने काठावर पास होत होतं आणि यंत्राने काठावर नापास झालं, तर त्याने काहीच केलेलं नाही आणि तो गुन्हेगार झाला. किंवा उलटही होईल: नापास होणारं जाळं पास होईल आणि पिल्लं जातील. म्हणून जुन्या-नव्याची तुलना मला महत्त्वाची वाटते, मात्र वेगळ्या कारणासाठी. कोणतं अचूक हे ती सांगत नाही. उपकरण बदलल्याने ओझं कुणाच्या खांद्यावरून कुणाच्या खांद्यावर गेलं, हे ती सांगते. हा न्यायाचा हिशेब आहे, आणि तो तांत्रिक अहवालाच्या तक्त्यात दडवून ठेवता कामा नये.

तिसरा आक्षेप माशाच्या वतीने. आपण मोजतो कसं? जाळं ओलं हवं, गोठलेलं नको. कडेला लागून असलेले आस सोडायचे, फाटलेले आणि डागडुजी केलेले सोडायचे. लांबीच्या दिशेने ताणायचं. २० आसांची सरासरी काढायची. हे सगळं वाजवी आहे. पण माशाला सरासरी भेटत नाही, एक आस भेटतो. आणि तो आस ताणलेला, उघडा, शांत धरलेला नसतो. ट्रॉल ओढलं जात असताना नेहमीच्या शंकरपाळी आकाराचा आस ओढीने मिटत जातो, मासळी भरत गेली की आणखी. कागदावर ८० मिलिमीटर असलेला आस पाण्यात एक अरुंद फट असू शकतो. शिवाय दोरा जाड घेतला, दुहेरी घेतला, तर आसाचं माप तेच राहतं आणि सुटका कठीण होते. २००८ च्या त्याच नियमावलीत दोऱ्याची जाडी मोजायचीही तरतूद आहे, ती यासाठीच.

चौकोनी आस पाण्यात बराच उघडा राहतो, कारण त्याच्या दोन बाजू ओढीच्या दिशेने असतात. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने खोल्याला चौकोनी आस लावण्याचा पुरस्कार केला तो याच कारणाने, आणि ‘४० मिलिमीटर चौकोनी’ हा आकडा आपल्या किनाऱ्यावर आता चांगलाच परिचित आहे. पण इथे एक साधा प्रश्न विचारून बघा. ४० म्हणजे काय? चौकोनाची एक बाजू, की आस पूर्ण ताणून मिटवला तर येणारी लांबी? गाठी बाजूला ठेवल्या तर ज्या आसाची बाजू २० आहे, तो ताणून ४० भरतो. एकाच छिद्राला दोन आकडे, एक दुसऱ्याच्या दुप्पट. मोजायची रीत आकड्यासोबत लिहिलेली नसेल, तर जगातलं सर्वांत महागडं यंत्रही भांडण मिटवू शकणार नाही, कारण भांडण मापाचं नाही, शब्दाचं आहे.

आपल्याकडे १९८१ पासून महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. उद्या कुणी म्हणेल, युरोपसारखी यंत्रं आणा, प्रश्न संपेल. यंत्रं जरूर आणावीत. पण आपला किनारा उत्तर समुद्र नव्हे. इथे बोंबलासाठी डोल लावतात, जवळ्यासाठी अगदी बारीक आसाचं जाळं लागतं. जवळा मोठा झाला तरी जवळाच राहतो, ४० च्या आसात तो थांबणार कसा? पिल्लू आणि लहान जातीचा पूर्ण वाढलेला जीव यांतला फरक आसाला कळत नाही. तो फरक माणसाला करावा लागतो: कोणतं जाळं, कोणता हंगाम, कोणती मासळी. पिढ्यान्‌पिढ्या बोटांच्या मापाने आस सांगणाऱ्या माणसाला तो फरक ठाऊक असतो. त्याचं बोट मिलिमीटरमध्ये बोलत नाही म्हणून त्याचं ज्ञान बाद होत नाही.

मग करायचं काय? टीका करणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, ज्या यंत्राने शिक्षा होणार आहे ते यंत्र, किंवा त्याच ताणाचं साधं साधन, कोळ्याला बंदर सोडण्यापूर्वी वापरायला मिळालं पाहिजे. जाळं विणणाऱ्यालाही. परीक्षकाकडेच पट्टी असेल आणि विद्यार्थ्याने अंदाजाने रेघ आखायची असेल, तर ती परीक्षा नव्हे. व्यक्तिनिरपेक्ष मापाचा खरा फायदा हाच, की ते दोन्ही पक्षांना सारखं उपलब्ध करता येतं. ते एकाच पक्षाच्या खिशात राहिलं, तर पाचर बरी होती असं म्हणायची वेळ येईल. निदान तिच्यावर वाद तरी घालता येत होता.

दुसरी, नियमात आकडा एकटा लिहू नये. कोणत्या साधनाने, किती ताणाखाली, कोणत्या दिशेने, जाळं ओलं असताना, किती आसांची सरासरी, हे सगळं आकड्याला चिकटून असावं. लांब वाटेल. पण तोच त्या आकड्याचा अर्थ आहे.

तिसरी, उपकरणाची चाचणी दोन प्रश्नांत विभागावी आणि उत्तरं वेगळी छापावीत. मोजणारी माणसं बदलली तर आकडा किती बदलतो? आणि या आकड्याने पास झालेल्या जाळ्यातून किती पिल्लं खरोखर सुटतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसऱ्याचंही आलं, असं मानण्याचा मोह फार मोठा असतो. सगळ्या निरीक्षकांचं एकमत झालेलं असेल आणि पिल्लं तरीही मरत असतील.

एडिंग्टनचा मत्स्यतज्ज्ञ आपल्याला हसू आणतो, कारण त्याने जाळ्याची मर्यादा समुद्राची मर्यादा मानली. मापकाची अचूकता म्हणजे नियमाची अचूकता असं आपण मानलं, तर आपल्यालाही कुणीतरी हसेल. यंत्राने निरीक्षकाच्या हातातला जोर काढून घेतला, हे चांगलंच झालं. पण किती ताणायचं हे ठरवणारा हात अजून माणसाचाच आहे. त्या हाताला प्रश्न विचारता येतो, हे लक्षात असू द्या.

एवढं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर घेऊ.